योग्य हरकत

नाशिक
रविवार, १८ जानेवारी १९९८

संध्याताई,

तुला सलाम लिहावा की नाही, यावर थोडा वेळ गेला. लिहिते. सलाम.

सुरतेचा पत्ता तुझ्या नाताळच्या कार्डावरून घेतला. कार्डं दरवर्षी येतात. पप्पा ती उघडत नाहीत आणि फेकतही नाहीत, कपाटावर ठेवून देतात. यंदाचं मी उघडलं. तुला दोन मुलं आहेत हे त्यावरून कळलं. अभिनंदन. फार उशिरा करते आहे.

कळवायचं कारण असं की, आज सकाळच्या उपासनेत लग्नासाठी माझं नाव पुकारलं. पहिली वेळ. अजून दोन रविवार पुकारतील आणि १० फेब्रुवारीला, उपवासकाळ लागायच्या आत, लग्न. मुलगा सुनील. हो, तोच.

आठ वर्षांपूर्वी त्याच्याबरोबर तुझं नाव दोनदा पुकारून झालं होतं. तिसऱ्या रविवारी तू नव्हतीस. सुनीलने मधे लग्न केलं नाही. तो अजून बँकेत आहे, अजून सायकलवर जातो. नोव्हेंबरात त्याची आई त्याला घेऊन आपल्याकडे आली. कुसाबाई आता महिला मंडळाच्या अध्यक्ष आहेत. बसताना आधी खुर्ची पदराने झटकतात, हे मात्र पूर्वीसारखंच.

"मास्तर," त्या पप्पांना म्हणाल्या, "तुमच्या घरचा शब्द अर्धा राहिलाय. तो पुरा करा, म्हणजे मंडळीत तुम्हालाही मान वर करून बसता येईल."

पप्पांनी माझ्याकडे बघितलं. "मीना, तुला काही म्हणायचंय?"

"ती काय म्हणणार? गुणाची पोर," कुसाबाई म्हणाल्या. "थोरलीसारखी नाही. हिच्या तोंडून कधी जास्तीचा शब्द निघाला नाही."

मी गप्प राहिले. विचार करत होते. मला उत्तर द्यायला वेळ लागतो, हे तुला माहीत आहे. आई गेल्यावर तूच मला वाढवलंस. पण तेवढ्या वेळात कुसाबाईंनी डबी उघडली आणि पप्पांच्या हातावर साखर ठेवली. सुनील भिंतीवरचं कॅलेंडर बघत होता. नंतर ठरलेल्या गोष्टी मला कळवण्यात आल्या. तारीख. साडी पांढरी, पण काठ सोनेरी. अंबडची नोकरी मार्चपर्यंत सोडायची.

नोकरीचं तुला माहीत नसेल. मी डिप्लोमा केला, इन्स्ट्रुमेंटेशनचा. अंबडला एका कारखान्यात दाब मोजायची उपकरणं तपासते. काटा खरं बोलतो की नाही एवढंच बघायचं. आवडतं.

त्याच शिक्षणामुळे देवळातला ॲम्प्लिफायर माझ्याकडे आला. डावीकडच्या खांबामागे माझं टेबल आहे. समोर कळा, कानाला हेडफोन. आपल्याकडे ज्यांची नावं पुकारायची असतात ती दोघं त्या रविवारी घरी बसतात, तू बसली होतीस तशी. सुनीलही आज आला नाही. मी पाळकसाहेबांना म्हटलं, मला सुट्टी द्या. ते म्हणाले, "अगं, मशीन दुसऱ्या कोणाला येत नाही. आणि खांबामागे तुला कोण बघतंय?"

म्हणजे सगळ्यांनी बाकावर बसून ऐकलं ते मी दोन्ही कानांच्या आत ऐकलं. "सुनील, अविवाहित, व मीना, अविवाहित, दोघेही या मंडळीचे सभासद. यांनी पवित्र विवाहात एकत्र येऊ नये असे योग्य कारण किंवा हरकत कोणास माहीत असेल, तर त्याने ती सांगावी. ही पहिली वेळ." मग ते थांबले. थांबल्यावर हेडफोनमध्ये सगळं देऊळ ऐकू येतं: बाकांचा लाकडी आवाज, खोकला, कोणाचं तरी मूल. कोणी काही बोललं नाही की त्याचा अर्थ होकार. त्यांनी पान उलटलं, तेही ऐकू आलं.

उपासनेनंतर वायरी गुंडाळताना मी सहज विचारलं की हरकत घ्यायला माणूस मंडळीचा सभासदच लागतो का.

"नाही," पाळकसाहेब म्हणाले. "कोणीही घेऊ शकतं. मंडळी सोडून गेलेलं माणूससुद्धा. का गं?"

"कोणी मागून बोललं तर आवाज उचलायला माईक लागेल, म्हणून."

ते हसले. म्हणाले, त्यांच्या चोवीस वर्षांत असं कधी झालेलं नाही.

तुला फक्त कळवते आहे. उत्तर दिलंस तर कंपनीच्या पत्त्यावर दे. तो मागे लिहिला आहे.

मीना

*

नाशिक
रविवार, २५ जानेवारी १९९८

ताई,

तुझं पत्र काल कंपनीत मिळालं. अक्षर बदललेलं नाही.

तू विचारलंस, माझ्या मनात दुसरं कोणी आहे का. नाही. तू लिहिलंस, सुनील वाईट माणूस नाही. हे मलाही माहीत आहे आणि तीच अडचण आहे. तो पीत नाही, ओरडत नाही, कोणाच्या अध्यात नाही. कारखान्यात एखादा नग नापास करायचा तर लाल चिठ्ठी लावतात आणि तिच्यावर दोष लिहावा लागतो. दोष लिहिता आला नाही तर नग पास. सुनीलवर लिहायला माझ्याकडे दोष नाही. 'नको आहे' हा दोष होत नाही.

तू का गेलीस हेही तू लिहिलं आहेस. चार ओळींत. मी त्या दोनदा वाचल्या. हिरामणराव तुला आवडले होते, एवढंच त्यांत आहे. ते लासलगावचे, आपल्या धर्माचे नाहीत, घरी सांगायची सोय नव्हती, म्हणून गेलीस. ठीक आहे. तुझ्याकडे जायला एक माणूस होता. मला कोणाकडे जायचं नाही. मला फक्त तुझी रिकामी जागा भरायला जायचं नाही.

आज दुसरी वेळ होती. ऐक, काय झालं.

पाळकसाहेबांनी सूचना सांगितल्या: महिला मंडळाची सभा, मेळाव्याला तिळगुळाचा न म्हणता कौटुंबिक म्हणायचं, कबरस्तानाची साफसफाई. मग आमची नावं घेतली आणि नेमका तेव्हा माईक बंद पडला. पुढच्या बाकांना ऐकू गेलं असेल. मागे काही नाही. ते वाचत राहिले, थांबले, पान उलटणार, तोच शेवटच्या बाकावरून पुतळाबाई उठल्या. तुला आठवतील, दवाखान्यात आया होत्या. आता कानाने अधू आहेत, पण त्यांना न ऐकता काही झालेलं चालत नाही.

"ओ पाळकसाहेब! लगीन कोनाचं म्हनले? हिकडं काय बी आलं नाय."

"पुतळाबाई, नंतर सांगतो."

"नंतर का? हरकत इचारली ना तुमी? मंग आमाला ऐकू नको का यायला? आमी काय हरकत घ्यायची नाय?"

लोक हसले. पण कमिटीतल्या दोघांनी मान हलवली, की नियमाने सगळ्या मंडळीला ऐकू गेलं पाहिजे. पाळकसाहेबांनी खांबाकडे बघितलं.

"मीना, बघ गं काय झालं ते."

मला उठून पुढे जावं लागलं. सगळ्या देवळादेखत वेदीच्या पायरीशी वाकून मी वायर तपासली, पिन काढली, परत बसवली. कुसाबाई पहिल्या बाकावर होत्या. "बघा," त्या शेजारणीला म्हणाल्या, "आपल्याच लग्नाची नवरीला केवढी घाई." मी टेबलाशी आले आणि माईक चालू झाला. पाळकसाहेबांनी आमची नावं पुन्हा पहिल्यापासून वाचली. "ही दुसरी वेळ," असं ते या वेळी जरा मोठ्यानेच म्हणाले.

पुतळाबाई म्हणाल्या, "आता कसं! मास्तरांची धाकटी व्हय? बरं झालं बाई."

पप्पा उभे राहून त्यांच्याकडे बघून हसले. ताई, आठ वर्षांत मी त्यांना देवळात हसताना बघितलं नव्हतं.

वर मी 'माईक बंद पडला' असं लिहिलं आहे. ते खरं नाही. माईक मी बंद केला. वायरीला काही झालं नव्हतं. मी ती सगळ्यांसमोर उगाच काढून बसवली. त्याने काय साधणार होतं, ते तेव्हाही मला माहीत नव्हतं. नाव ऐकलं आणि बोट कळीवर गेलं.

आता जे पहिल्या पत्रात लिहिलं नाही ते लिहिते. पुढचा रविवार १ फेब्रुवारी. उपासना सकाळी नऊला. शेवटची वेळ. हरकत कोणीही घेऊ शकतं. तू येऊन उभी राहिलीस आणि एवढंच म्हणालीस की या मुलीला कोणी विचारलेलं नाही, तरी पाळकसाहेबांना थांबावं लागेल. तुझं नाव मंडळीने सभासदांच्या यादीतून कमी केलं आहे, पण देवळाचा दरवाजा बंद केलेला नाही.

ये.

मीना

*

नाशिक
शनिवार, ३१ जानेवारी १९९८

ताई,

सोमवारी सुट्टी, म्हणून माझं पत्र मंगळवारी टपालात पडलं, तरी तुझी तार कालच आली. 'येऊ शकत नाही. शनिवारी चार वाजता द्वारका चौक. हिरामण नेतील.' तारेत शब्द कमी असतात, त्यामुळे बरं वाटलं. कारणं वाचावी लागली नाहीत.

मी गेले. कारखान्यातून सुटल्यावर, पर्स आणि डब्यासकट, म्हणजे कपडे न घेता. यावरून तू काय ते समज.

तुझे यजमान टपरीजवळ ट्रक लावून उभे होते. मी त्यांना लांबून ओळखलं नाही. त्यांनी मला ओळखलं. म्हणाले, "मीनाताई ना? चालनं सेम बहिनीसारखं हाय." मग चहा सांगितला. आजूबाजूला एवढे हॉर्न वाजत होते की आम्हाला ओरडूनच बोलावं लागलं, आणि असल्या गोष्टी ओरडून बोलताना फार विचित्र वाटतं.

"बस की गाडीत," ते म्हणाले. "लय विचार नको करू. सकाळी सुरतेत असशील."

"आणि पुढे?"

"पुढं काय? राहा आमच्याकडं. तिकडं कारखाने काय कमी हायेत का? तुझी बहीन बोलली, तिला उचलून आन. मी म्हनलं, ती काय कांद्याची गोनी हाय का? इचारून आनतो."

मला हसू आलं. विचारून उत्तरासाठी थांबणारा माणूस तीन महिन्यांत पहिलाच भेटला, आणि तो द्वारकेच्या चौकात.

मी म्हटलं, "ती स्वतः का नाही आली?"

त्यांनी चहाचा ग्लास टपरीवर ठेवला. "भिती. मास्तरांना तोंड कसं दावू, म्हनती. दर नाताळाला कार्ड लिहिती आन रडती. मी म्हनतो, मी नेतो तुला. तर नाय."

हे तू पत्रात लिहिलं नाहीस. ते बोलले म्हणून त्यांच्यावर रागावू नकोस.

मी गाडीत बसले नाही. का, ते तुला सांगायला हवं, कारण तू गेलीस त्या रविवारचं तुला कोणी सांगितलेलं नसणार. तू शनिवारी गेलीस. रविवारी सकाळी मला वाटलं होतं, पप्पा देवळात जाणार नाहीत. पण त्या दिवशीचा पाठ वाचायची पाळी त्यांची होती, आणि पाळी त्यांनी कधी चुकवलेली नाही. आम्ही दोघं गेलो. सूचना सांगताना पाळकसाहेब एका ठिकाणी अडले, कागद बघितला आणि पुढचं वाचलं. तेवढंच. तुझं नाव न घेता ते जे अडले, ते सगळ्यांनी ऐकलं. मग पप्पा उठून वाचायला गेले. मी चौदा वर्षांची होते. आमच्या बाकावर मी एकटी होते आणि आशीर्वाद होईपर्यंत देवळातून कोणी उठत नाही, त्यामुळे मलाही उठता येत नव्हतं. लोक माझ्याकडे बघत होते आणि मी बसून होते.

उद्याही पाठाची पाळी पप्पांची आहे.

हिरामणराव म्हणाले, "मंग आता काय करनार?"

मी म्हटलं, माहीत नाही. त्यांनी तुझ्या मुलांचा फोटो दाखवला आणि ट्रक चालू केला. एक पिशवी दिली, तिच्यात खारी आणि एक स्वेटर आहे. स्वेटर तू विणला असशील. मला हातात लांब होतो.

घरी जाताना मी देवळावरून गेले. चावी माझ्याकडे असते. उद्या प्रभुभोजनाचा रविवार, गाणाऱ्यांचा जास्तीचा माईक लागतो, म्हणून तो तपासला. चांगला चालतो.

मीना

*

नाशिक
सोमवार, २ फेब्रुवारी १९९८

ताई,

हे आणि कालच्या आदल्या दिवशीचं एकाच पाकिटात घालते आहे. आधी ते वाच.

जास्तीचा माईक गाणाऱ्यांसाठी तपासला असं त्यात लिहिलं आहे. गाणाऱ्यांकडे त्यांचा माईक आहे. हा मी माझ्या टेबलावर ठेवला होता.

देऊळ भरलेलं होतं. सुनीलही आला होता, कारण प्रभुभोजन तो चुकवत नाही. आईच्या मागच्या बाकावर, डोकं खाली. पहिलं गीत झालं, पापांगीकार झाला. मी सगळं नेहमीसारखं करत होते. गीताला बाजाची पेटी वर, प्रार्थनेला खाली. मग सूचना. पाळकसाहेबांनी आमची नावं घेतली, हरकत विचारली, म्हणाले, "ही तिसरी व शेवटची वेळ." आणि थांबले. ते एक श्वास घेण्याइतकं थांबतात. मी दोन रविवार ऐकलं होतं, त्यामुळे मला नेमकं माहीत होतं की किती वेळ आहे.

मी कळ वर केली आणि म्हटलं, "हरकत आहे."

आवाज चारही कोपऱ्यांतून आला. मी खांबामागे, कोणाला दिसत नव्हते. माणसं छताकडे बघायला लागली. शेवटच्या बाकावर पुतळाबाईंनी हात जोडले आणि मोठ्याने म्हणाल्या, "आमेन!" त्यांच्या आजूबाजूच्या दोन म्हाताऱ्यांनीही आमेन म्हटलं.

"कोण बोललं?" पाळकसाहेबांनी विचारलं.

"मी. मीना."

"मीना, मशीनमध्ये काही बिघाड आहे का?"

"नाही. मशीन चांगलं आहे. मला हे लग्न करायचं नाही."

माझा आवाज मलाच हेडफोनमध्ये ऐकू येत होता. तो कापत नव्हता, पण कोरडा होता, जसा आकडे वाचून दाखवताना असतो. मी हेडफोन काढला आणि माईक हातात घेऊन खांबाच्या पुढे येऊन उभी राहिले. वायर तेवढीच पुरली.

कुसाबाई उठल्या. "पाळकसाहेब, पुढं चला तुम्ही. पोरगी बावरलीये. लग्नाआधी होतं असं."

"कुसाबाई, बसा," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळले. रागावले नव्हते. गोंधळले होते, आणि गोंधळले की ते नियम सांगतात. "योग्य हरकत म्हणजे मीना, रक्ताचं नातं, आधीचं लग्न, वय कमी असणं... तुझं म्हणणं त्यात कुठे बसतं?"

"बसत नाही. मी वाचलं आहे."

"तो प्रश्न लग्नाच्या दिवशी विचारतात. 'तू ह्याला पती म्हणून स्वीकारशील काय?' तेव्हा उत्तर द्यायचं असतं."

"तेव्हा मी नाही म्हणेन. त्या दिवशी मांडव असेल, पाहुणे असतील, जेवण शिजलेलं असेल. म्हणून आज सांगते."

कोणीतरी मागून म्हणालं, "आज सांगितलेलं बरं, बिर्याणी तरी वाचली." थोडं हसू झालं आणि लगेच थांबलं.

"हे हिचे बोल नाहीत!" कुसाबाई अजून उभ्याच होत्या. "ही त्या पळालेलीची शिकवण आहे. एका घराने किती वेळा आमचं नाव घालवायचं? मास्तर, तुम्ही बोला की!"

पप्पा बाकाच्या टोकाला बसले होते. मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

पाळकसाहेबांनी हातातला कागद वरपासून खालपर्यंत वाचला. हरकत आली तर पुढे काय करायचं, ते त्यात नव्हतं. मग ते म्हणाले, "आजचा पहिला पाठ मास्तर वाचतील."

मी परत खांबामागे गेले. दुसरं काय करणार? उपासना अर्धीही झाली नव्हती. इमारतीला आग लागली तर आपली माणसं उठतील की नाही, मला शंका आहे. आशीर्वादाआधी बाहेर जायचं नाही म्हणजे नाही. कुसाबाईसुद्धा बसल्या. जे काही मी करून ठेवलं होतं, त्याच्यासकट आम्हा सगळ्यांना तिथेच बसायचं होतं. उपदेश, अर्पण, प्रार्थना, सगळं व्हायचं होतं.

पप्पा उठले. पुस्तकाशी पोचायला त्यांना नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला. चष्मा लावला, काढला, पुसला, लावला. वाचायला लागले. पहिल्या ओळी नीट आल्या, मग आवाज खाली जायला लागला. त्यांना खोकला नव्हता. आवाज नुसताच खाली जात होता, जसा टाकीतला दाब उतरतो. मी त्यांच्या माईकची कळ वर सरकवली. ते आणखी खाली गेले, मी आणखी वर नेली. एका मर्यादेपलीकडे नेलं तर मशीन शिट्टी मारतं. मर्यादा कुठे आहे ते मला माहीत आहे. तिच्या अगदी खाली कळ धरून बसले आणि ते वाचत राहिले. शेवटी ते जवळजवळ पुटपुटत होते, पण मागे पुतळाबाईंपर्यंत शब्द नि शब्द गेला. मी बघत होते. त्या मान हलवत होत्या.

उपदेशाचं मला काही आठवत नाही. पाऊण तास होता.

मग प्रभुभोजन. पाळकसाहेबांनी नेहमीचं वाचलं, की ज्यांनी शेजाऱ्याशी समेट केला आहे त्यांनीच विश्वासाने जवळ यावं. इतकी वर्षं हे मी ऐकते आहे, पण मंडळी बाकावर खिळून राहिलेली काल पहिल्यांदा बघितली. कोण उठतं ते जो तो बघत होता. कुसाबाई उठल्या नाहीत. पप्पा उठले. मग मी मशीन तसंच चालू ठेवून गेले. वेदीपुढच्या कठड्याशी डावीकडे जागा होती, तिथे गुडघे टेकले. थोड्या वेळाने शेजारी कोणीतरी आलं. सुनील.

पाळकसाहेब उजवीकडून भाकर देत येत होते. वेळ होता.

"हे मला आधी सांगायचं ना," तो हळू म्हणाला. डोळे समोर.

"तुम्ही विचारलं नाहीत."

मला वाटलं, संपलं. मग तो म्हणाला, "तिलाही विचारलं नव्हतं."

त्याच्या हातावर भाकर पडली, माझ्याही पडली. प्याला आला. तो आधी उठला आणि मला उठायला जागा व्हावी म्हणून बाजूला सरकून थांबला. ताई, तो वाईट माणूस नाही.

आशीर्वादानंतर माझ्याशी कोणी बोललं नाही. माझ्या दोन्ही बाजूंनी माणसं गेली. मी वायरी गुंडाळल्या, कुलूप लावलं. पप्पा फाटकाशी थांबले होते. आम्ही बरोबर घरी आलो. मी भात लावला. ते ओट्याशी येऊन उभे राहिले.

"कुसाबाईंच्या गल्लीतलं कोणी आता आपल्याशी बोलणार नाही," ते म्हणाले.

"हो."

"संध्याला तू लिहिलं होतंस?"

"हो. ती आली नाही. मी जे बोलले ते तिने सांगितलेलं नाही."

त्यांनी मान हलवली. मग म्हणाले, "पुढच्या रविवारी पाळी जोशुआची आहे. त्याला सांगतो, मीच वाचतो."

आज संध्याकाळी पाळकसाहेब येऊन गेले. चहा घेतला नाही. सुनीलने सकाळी त्यांना जाऊन सांगितलं की नावं मागे घ्या. आईला न विचारता सांगितलं. म्हणजे लग्न होणार नाही. पण तीनदा पुकारलेली नावं नुसती सोडून देता येत नाहीत. पुढच्या रविवारी मंडळीसमोर, उपासनेत, ती मागे घेतल्याचं जाहीर करावं लागेल.

"त्या दिवशी तू येऊ नकोस," ते मला म्हणाले. "उगाच सगळे बघतील. मशीनशिवाय मी घेईन कशीतरी उपासना."

तुझ्या त्या पत्राच्या शेवटीही हेच होतं, जरा वेगळ्या शब्दांत. निघून ये. लोक विसरतील. तू मनापासून लिहिलंस, हे मला कळतं. पण मी येणार नाही. सुरतेला नाही, आणि रविवारी घरातही बसणार नाही. सोपं जाणार नाही. कारखान्याचा रस्ता कुसाबाईंच्या दारावरून जातो आणि आज सकाळी त्यांनी मला बघून दार लावून घेतलं. असं किती दिवस चालेल, सांगता येत नाही. वर्षही चालेल.

पाळकसाहेबांना मी सांगितलं, मी नऊच्या आधी तिथे असेन. ते म्हणाले, कशाला हट्ट करतेस.

मला तेव्हा उत्तर सुचलं नाही. ते गेल्यावर सुचलं, म्हणून तुला लिहिते. मी घरी राहिले तर कुसाबाई म्हणतात तेच लोकांना खरं वाटेल, की हा नकार तुझा होता. तो माझा आहे. तो वाचला जाईल तेव्हा मी तिथे बसलेली दिसले पाहिजे.

मीना